ग्रंथालयीन विलंबदंड

ग्रंथालयातून घरी वाचावयास नेलेला ग्रंथ ठरलेल्या मुदतीत परत न केल्यास वाचकाकडून दर दिवसाच्या हिशेबाने वसूल केली जाणारी रक्कम. ग्रंथ हरवल्यास किंवा फाटल्यास घेतली जाणारी नुकसानभरपाई ही याहून वेगळी बाब होय. भरपाईचा संबंध ग्रंथाच्या मूल्याशी असतो, विलंबदंडाचा संबंध काळाशी असतो. विद्यार्थ्यांकडून असा दंड घ्यावा की नाही, हा प्रश्न एकविसाव्या शतकात अनेक देशांत चर्चिला गेला. पुणे शहरात वर्गणीवर चालणारी वाचनालये, संशोधनसंस्थांचे ग्रंथसंग्रह आणि विद्यापीठाचे ग्रंथालय या तिहींची परंपरा असल्याने ग्रंथ उसना देण्याच्या व्यवहारातील निरनिराळी तत्त्वे तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

पूर्वपीठिका : ग्रंथ दुसऱ्याच्या हाती देण्याविषयीची साशंकता दंडाच्या प्रथेहून पुष्कळ जुनी आहे. हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिक वाचकाला विनंती करीत असे, की पोथीचे तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि अजाण माणसाच्या हातापासून रक्षण करावे. मध्ययुगीन यूरोपात ग्रंथ साखळीने फळ्यांना जखडून ठेवीत. ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयाने १६४५ मध्ये राजा पहिला चार्ल्स यालाही ग्रंथ बाहेर नेऊ दिला नाही. मुद्रणामुळे प्रती वाढल्या व स्वस्त झाल्या, तेव्हाच ग्रंथ घरी देण्याची पद्धत सार्वत्रिक होऊ शकली. पण त्याबरोबरच तो वेळेवर परत कसा यावा, हा प्रश्नही उभा राहिला.

पुण्यातील तीन परंपरा : लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख (१८२३–९२) यांच्या पुढाकाराने १८४८ मध्ये पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली. तीच पुढे पुणे नगर वाचन मंदिर या नावाने प्रसिद्धीस आली. अशा वाचनालयांत सभासद अनामत ठेवतो, वर्गणी भरतो आणि नियम मान्य करतो. नियम न पटल्यास सभासदत्व सोडण्याची त्याला मुभा असते. येथील दंड हा सभासदांनी आपसांत केलेल्या कराराचा एक भाग ठरतो.

दुसरी परंपरा संशोधनसंस्थांची. मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकात जमविलेली संस्कृत व प्राकृत हस्तलिखिते डेक्कन कॉलेजात ठेवली होती. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाल्यावर १९१८ मध्ये हा संग्रह तेथे आला. अशी हस्तलिखिते विद्वानांना बंधपत्र लिहून घेऊन उसनी दिली जात. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसारखे कार्य विविध ठिकाणच्या हस्तलिखितांच्या साहाय्यानेच होऊ शकले व १९६६ मध्ये पूर्ण झाले. या व्यवहारात दैनिक दंडाला अर्थ नव्हता. एकमेव असलेल्या वस्तूच्या बाबतीत पैशाहून विश्वास व हमी यांनाच महत्त्व होते.

तिसरी परंपरा शिक्षणसंस्थांची. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये निघाले आणि पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी अस्तित्वात आले. या विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले. त्याचे ग्रंथालय पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाने ओळखले जाते. येथील वाचकाची स्थिति वर्गणीदाराहून निराळी असते. विद्यार्थ्याने ग्रंथालय निवडलेले नसते. प्रवेशाबरोबरच ते त्याच्या वाट्याला येते आणि अभ्यासासाठी त्याला तेथे जावेच लागते. त्यामुळे वर्गणीदारांच्या वाचनालयातील करार जसाच्या तसा त्याला लागू करणे कितपत न्याय्य, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

दंडाच्या बाजूचे युक्तिवाद : महाविद्यालयांत विद्यार्थी पुष्कळ आणि क्रमिक ग्रंथांच्या प्रती मोजक्या, अशी स्थिति सामान्यतः आढळते. परीक्षेपूर्वी एका विद्यार्थ्याने आठवडाभर अडकवून ठेवलेली प्रत दुसऱ्याच्या अभ्यासाची हानी करते, आणि ही हानी पुढे भरून निघत नाही. शि. रा. रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, ही तत्त्वे आहेत. दंड हा ग्रंथालयाच्या मिळकतीसाठी नसून रांगेतील पुढच्या वाचकासाठी आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात. यात तथ्य आहे. ज्याला ग्रंथ मिळाला नाही तोही बहुधा गरीब विद्यार्थीच असतो.

विरोधी युक्तिवाद : दंडाचा दर सर्वांना सारखा, पण त्याचा भार सारखा नसतो. पुण्यात बाहेरगावाहून येणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्या निवासासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी संस्था १९५५ पासून काम करीत आली. ‘कमवा आणि शिका’ योजनेत तासावर काम करून शिकणारे विद्यार्थीही विद्यापीठात आहेत. दररोज एक रुपया दराने महिन्याचा दंड तीस रुपये होतो. एकाला तो चहाचा खर्च वाटतो, दुसऱ्याला तो एका जेवणाइतका पडतो. शिवाय दंड वाढत गेला, की विद्यार्थी ग्रंथालयाकडे फिरकेनासा होतो. मग ग्रंथही परत येत नाही आणि वाचकही दुरावतो. वर्षाअखेरीस ‘देणे नाही’ असा दाखला मिळविताना ही थकबाकी पुन्हा समोर येते, आणि क्षुल्लक रकमेपायी पुढील प्रवेशाची कागदपत्रे अडण्याचा संभव असतो.

दंडामुळे शिस्त लागते, हे गृहीतकही निर्विवाद नाही. इझ्राएलमधील हैफा येथील दहा बालसंगोपनगृहांवर यूरी ग्नीझी व आल्डो रुस्टिकिनी यांनी केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना नेण्यास उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकी सहा ठिकाणी दंड लावण्यात आला, तेव्हा उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढली. पूर्वी जो संकोच वाटे, त्याची जागा किमतीने घेतली. पैसे दिले म्हणजे उशीर करण्याचा हक्क मिळाला, असे पालकांना वाटू लागले. दंड रद्द केल्यावरही जुनी सवय परतली नाही.

परदेशांतील बदल : आयर्लंडच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी २०१९ च्या आरंभी विलंबदंड बंद केला. त्याच वर्षी अमेरिकन ग्रंथालय संघाने आर्थिक दंड हा सामाजिक विषमतेचा प्रकार असल्याचा ठराव केला. शिकागो व सॅन फ्रॅन्सिस्को येथील सार्वजनिक ग्रंथालयांनी २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांनी २०२१ मध्ये हेच धोरण स्वीकारले. मात्र हरवलेल्या ग्रंथाची भरपाई त्यांनी माफ केली नाही. हा अनुभव प्रामुख्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा आहे. परीक्षेच्या वेळापत्रकाने बांधलेल्या क्रमिक ग्रंथांना तो तंतोतंत लागू पडेलच, असे नाही.

मूल्यमापन : वापरात असलेल्या ग्रंथसंग्रहात काही घट होणारच, हे शासननियमांनीही मान्य केले आहे. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार (२०१७) वर्षाकाठी देवघेव झालेल्या वा वाचनास दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी समजले जाते. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा वा हलगर्जीपणा नसावा आणि दुर्मिळ ग्रंथ वा हजार रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ हरवल्यास चौकशी आवश्यक मानली जाते. हरवलेल्या ग्रंथाबाबत ज्या व्यवस्थेने इतकी सवलत दिली, तिने परत आलेल्या ग्रंथाच्या विलंबाबाबत अधिक कठोर राहावे, हे विसंगत दिसते.

दंडाचे समर्थन पुढच्या वाचकाच्या हक्कावर उभे आहे, आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे. ज्या ग्रंथासाठी दुसरा विद्यार्थी थांबला आहे, त्याच्या विलंबाबद्दल काही निर्बंध असणे योग्य ठरते. ज्या ग्रंथाला कोणीच मागणी केलेली नाही, त्याच्यावरील दंडाने कोणाचेही हित साधत नाही. अशा ग्रंथाची मुदत वाढवून देणे सहज शक्य असते. मागणी असलेल्या ग्रंथांच्या बाबतीतही पैशाऐवजी काही काळ नवा ग्रंथ न देण्याचा उपाय करता येतो. हा निर्बंध श्रीमंत व गरीब यांना बराचसा सारखाच जाणवतो. मुदत संपण्यापूर्वी सूचना देणे, क्रमिक ग्रंथांची एक प्रत वाचनकक्षात राखून ठेवणे, दंड ग्रंथाच्या किमतीपलीकडे जाऊ न देणे आणि थकबाकीपायी कोणाचीही प्रमाणपत्रे न अडविणे, या उपायांनी उरलेला प्रश्न पुष्कळसा सुटण्यासारखा आहे. प्रतींच्या तुटवड्यावरचा खरा उपाय मात्र अधिक प्रती घेणे हाच होय, आणि ती जबाबदारी विद्यार्थ्याची नसून संस्थेची आहे.