गर्भाशयमुखाचा कर्करोग : शोध आणि उंबरठा

सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय कस्तुरबांच्या निधनानंतर, म्हणजे १९४४ नंतर, डॉ. सुशीला नायर यांच्या देखरेखीखालीं उभें राहिलें. आरंभीं तें मुख्यत्वें स्त्रिया व मुलें यांच्यासाठींच होतें. त्याच सुमारास, १९४३ सालीं, अमेरिकेंत डॉ. पापानिकोलाऊ व डॉ. ट्राउट यांनीं एक ग्रंथ प्रसिद्ध करून असें दाखविलें कीं, योनिमार्गांतील स्रावाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या असतां गर्भाशयमुखाचा कर्करोग, रुग्णेला कसलीहि पीडा होण्यापूर्वींच, ओळखतां येतो. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहीं संबंध नव्हता. तो जुळावयास अर्धें शतक लागलें.

हा रोग एकाएकीं उद्भवत नाहीं. एका विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षें टिकून राहिला म्हणजे पेशींत हळूहळू विकृति होत जाते, आणि कर्करोगापर्यंत पोंचण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षें किंवा अधिकहि काळ जातो. या विषाणूच्या शोधाबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. एवढी दीर्घ सवड देणारा कर्करोग विरळाच. आणि तरीहि त्यानें भारतांत असंख्य संसार मोडले आहेत.

पापानिकोलाऊंच्या पद्धतीला प्रयोगशाळा आणि तरबेज परीक्षक लागतात. खेड्यांत तीं आणावयाचीं कोठून? म्हणून दुसरा मार्ग निघाला. गर्भाशयमुखावर सौम्य अॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ शिरकाच, लावावयाचें. विकृत भाग क्षणभरांत पांढुरका दिसूं लागतो. टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हें काम डॉक्टरांकडे न देतां, शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडे सोंपविलें. सुमारें दीड लाख स्त्रिया या प्रयोगांत होत्या, आणि तपासणी झालेल्या गटांत या रोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले.

परंतु खरी कसोटी खेड्यांतील होती, आणि ती उस्मानाबाद जिल्ह्यांत (आतांचा धाराशिव) १९९९ पासून लागली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साह्यानें ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करण्यांत आले. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चांचणी एकदांच देऊं केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटांत या रोगानें ३४ मृत्यु झाले. ज्यांना ती दिली नव्हती अशा ३१,४८८ स्त्रियांत ६४. या दुसऱ्या गटाला केवळ माहिती देऊन तपासणीवांचून ठेवलें, याबद्दल पुढें टीका झाली. ती अनाठायीं होती असें म्हणवत नाहीं.

या प्रयोगांतील एका आंकड्याकडे मात्र फारसें लक्ष गेलेलें नाहीं. ज्या स्त्रियांना बोलावणें गेलें, त्यांपैकीं सुमारें चार पंचमांश आल्या. खेड्यांतील स्त्री लाजते, ती येणार नाहीं, असें शहरांत बसून सांगणाऱ्यांना हें उत्तर पुरेसें आहे. उलट, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं अशी तपासणी कधींहि झालेल्या स्त्रिया शेंकडा दोनहि भरल्या नाहींत. लाज दोन्हीकडे सारखीच होती. उस्मानाबादेस कोणीतरी दाराशीं जाऊन विचारलें, एवढाच फरक.

महाविद्यालयीन मुलींच्या पाहण्यांतून रोगाचें नांव बऱ्याच जणींना ठाऊक असतें, तपासणी मात्र फारच थोड्यांची झालेली असते, असें वारंवार आढळतें. या दुसऱ्या गोष्टीचा जो खेद व्यक्त होतो, तो कांहींसा अस्थानीं आहे. सरकारच्या २०१६ च्या योजनेंत ही तपासणी तिसाव्या वर्षापासून पुढें आहे. वीस वर्षांच्या मुलीची ती झाली नाहीं यांत चूक कांहींच नाहीं. तिच्या आईची झाली नाहीं, ही चूक आहे.

वर्धा जिल्ह्याला येथें एक विशेष सोय आहे. १९६९ सालीं सेवाग्रामला महात्मा गांधी वैद्यकीय संस्था स्थापन झाली. जिल्ह्यांतील कर्करोगाची नोंदणीहि तेथेंच होते. तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गांव दत्तक घेते, तेथें शिबिर करून राहते, आणि प्रत्येकाकडे कांहीं कुटुंबें सोंपविलेलीं असतात. ज्या घरांत परका डॉक्टर ओटीवरच थांबतो, तेथें विद्यार्थिनी चुलीपर्यंत जाते. खाणेंपिणें, बाळंतपणें, आजार यांच्या चौकशीच्या वहींत तीस वर्षांवरील स्त्रीच्या नांवापुढें एक रकाना वाढवावयाचा, आणि सुटींत घरीं गेल्यावर तोच प्रश्न स्वतःच्या आईला विचारावयाचा.