निचरा-बूच (जुन्या फायबर बोटीचे)

फायबर बोटीच्या मागच्या तक्त्याला तळालगत एक भोक असते. त्यातून आरपार गेलेली पितळी किंवा प्लास्टिकची नळी आणि ती बंद करणारे बूच, एवढाच हा भाग. बोट काठावर घेतली की बूच काढून आतले पाणी सोडतात. पाण्यात उतरवण्याआधी ते घट्ट बसवतात.

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, पण वर्धा आणि पैनगंगा त्याच्या सीमेवरून वाहतात; इसापूर, अरुणावती, पूस, बेंबळा ही धरणे आहेत, म्हणून पूरबचावासाठी तिथेही बोटी लागतात. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पुराने वेढला, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टर धाडावी लागली. पूरबचावाची बोट मात्र वर्षातला बराच काळ कोरड्यावर पडून असते आणि बिघाड तिथेच सुरू होतो. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, रबरी वायसर कडक होतो, नळीभोवतीचे सीलंट तडकते.

गळतीपेक्षा कुजण्याचा धोका मोठा. जुन्या बोटींच्या मागच्या तक्त्यात फायबरच्या दोन थरांमध्ये बहुधा प्लायवूड असते आणि इंजिन त्याच तक्त्यावर टांगलेले असते. फटीतून पाणी मुरले की लाकूड आतून कुजते, वरचा रंग मात्र शाबूत राहतो. हातोडीने हलके ठोकून पाहावे. बद्द आवाज आला तर नुसती नळी बदलून भागत नाही.

जुनी नळी हिसकून काढू नये. सीलंट पात्याने कापून ती मोकळी करावी. लाकूड पूर्ण वाळू द्यावे. भोक थोडे मोठे करून घट्ट इपॉक्सीने भरावे आणि ती कडक झाल्यावर मापाचे नवे भोक पाडावे, म्हणजे पाणी लाकडाला लागतच नाही. अनेकदा हीच पायरी गाळली जाते, आणि टिकाऊपणा तिच्यावरच अवलंबून असतो. नळी व स्क्रू पाण्याखाली चालणाऱ्या पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बसवावेत. सिलिकॉन वापरू नये. त्याच्या अंशावर पुढे दुसरे काही धड चिकटत नाही. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, म्हणून विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात त्याला जास्त दिवस द्यावेत.

तपासणीसाठी बोट जमिनीवरच ठेवून, बूच लावून, भोक बुडेल इतके पाणी आत भरावे आणि बाहेरून थेंब पाझरतो का ते पाहावे. हे काम मृग लागण्याआधी संपवावे, आणि जादा बूच बोटीतच दोरीने बांधून ठेवावे.