पांगशाचा पाहुणचार

1942 साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि चीनला रसद पोहोचविण्यासाठी आसामातून पर्वतरांगांवरून विमाने जाऊ लागली. समुद्रात पडलेला वैमानिक निदान लाटांवर दिसण्याचा संभव असे. अरण्यात पडलेल्यास मात्र वृक्षांचे छत गिळून टाकी.

2 ऑगस्ट 1943 रोजी चाबुआहून कुनमिंगकडे निघालेल्या सी-46 विमानाचे एक इंजिन निकामी झाले. विमानातील 21 जणांपैकी 20 जण हवाई छत्रीने नागा टेकड्यांत सुखरूप उतरले. सहवैमानिक मृत्युमुखी पडला. वार्ताहर एरिक सेव्हराइड हे वाचलेल्यांपैकी एक होते. त्याच दिवशी लष्करी डॉक्टर डॉन फ्लिकिंजर आणि त्यांचे दोन सहायक छत्रीने उतरून त्यांना मिळाले. अमेरिकी हवाई दलाची छत्रीधारी बचावपरंपरा आपला आरंभ या उडीपासून मानते.

ते ज्या गावाच्या आश्रयास आले, ते पांगशा. आज ते नागालँडच्या नोक्लाक जिल्ह्यात आहे. सात वर्षांपूर्वी, 1936 मध्ये, गुलामांसाठी छापे घालणारे गाव म्हणून ब्रिटिश अधिकारी जे. पी. मिल्स यांच्या मोहिमेने ते जाळले होते. मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ त्या मोहिमेसोबत होते. सरकारदफ्तरी पांगशाची ओळख नरमुंडांची शिकार करणारे गाव अशीच होती आणि वाचलेल्यांच्या जिवाची धास्ती अधिकाऱ्यांना वाटत होती, ती त्यामुळेच. प्रत्यक्षात त्या गावाने परक्यांना निवारा व अन्न दिले.

आकाशातून डॉक्टर उतरविता आला, औषधे व धान्य टाकता आले. पण एकाही माणसास वर उचलून नेता येईना. हेलिकॉप्टरने युद्धक्षेत्रातून माणसे सोडविण्याचा पहिला प्रसंग ब्रह्मदेशातच, परंतु एप्रिल 1944 मध्ये, घडावयाचा होता. तोपर्यंत सुटकेचा मार्ग पायीच होता. मोकोकचुंगचे अधिकारी फिलिप ॲडम्स नागा सोबत्यांसह डोंगर ओलांडून आले आणि त्या सर्वांना चालवीत घेऊन गेले.

इतिहासाने या सुटकेतील उडी लक्षात ठेवली, आणि ते रास्तच आहे. तिला लागणारे धैर्य असामान्य होते. परंतु उडी मारणाऱ्यास खाली कोणीतरी ठाव द्यावा लागतो. जळलेल्या घरांची आठवण अजून ताजी असताना पांगशाने तो दिला. बचावाच्या इतिहासात फ्लिकिंजर यांच्या नावाशेजारी या गावाचे नाव लिहिले जाईल, तेव्हाच तो इतिहास पुरा होईल.