उतावळा स्वभाव हृदयाला घातक?

सतत घड्याळाकडे लक्ष, एकाच वेळी दोन कामे उरकण्याची घाई, समोरच्याचे बोलणे मध्येच तोडण्याची सवय आणि रांगेत उभे राहावे लागले की होणारा त्रागा. अशा स्वभावाला 'टाइप ए' म्हणतात. या माणसांना हृदयविकार लवकर गाठतो, हा समज सर्वत्र रुजला आहे. संशोधनाचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

सॅन फ्रान्सिस्को येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. मेयर फ्रीडमन व डॉ. रे रोझेनमन यांनी १९५७ मध्ये काही लेखापालांचे रक्त अनेक महिने तपासले. अमेरिकेत प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत १५ एप्रिलला संपते. ती जवळ येताच लेखापालांचे कोलेस्टेरॉल वाढले, रक्तही लवकर गोठू लागले. मुदत टळल्यावर दोन्ही पूर्वपदावर आले. पुढे १९६०-६१ पासून ३,१५४ पुरुषांची सुमारे साडेआठ वर्षे पाहणी झाली. त्यात 'टाइप ए' पुरुषांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळले आणि सिद्धांत जगभर गाजला.

त्याला एक मोठा तडा याच पाहणीतून गेला. हृदयविकार जडलेल्या पुरुषांचा पुढील काळ तपासला असता, 'टाइप ए' रुग्णच अधिक जगल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले!

मग दोष कशाचा? घाईपेक्षा वैरभावाचा, असे अनेक संशोधकांचे मत बनले. इतरांविषयी कायम संशय व राग बाळगणारी व्यक्ती नुसती गणिते सोडवत असेल, तर तिच्या शरीरात फारसे वेगळे काही घडत नाही. मात्र त्याच वेळी कोणी डिवचले, की तिचा रक्तदाब इतरांपेक्षा अधिक चढतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन स्रवते, नाडी जलद होते. असे प्रसंग रोजच येत असतील, तर रक्तवाहिन्यांना उसंत मिळत नाही. हा धागाही सर्व पाहण्यांत सारखाच भक्कम ठरलेला नाही.

या संशोधनामागचा पैसाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे तपासून २०१२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले, की 'टाइप ए'विषयक अभ्यासाला या कंपन्यांनी अनेक वर्षे अर्थसाह्य पुरवले होते. हृदयविकाराचे खापर स्वभावावर फुटले, तर सिगारेटवरील आरोप सौम्य होतो, हा त्यामागचा हिशेब होता.