कानात वाजणाऱ्या टापा आणि राक्षसभुवनचा पूर

बीड ते गेवराई रोजचं जाणं-येणं आहे. धुळे-सोलापूर हायवे, गाडीत एकटाच, जाऊन-येऊन दीड तास. दोन वर्षांपूर्वी पुतण्यानं फोनमध्ये ऑडिओबुकचं ॲप टाकून दिलं आणि तेव्हापासून हा दीड तास ऐकण्यात जातो. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘पानिपत’. मधेच नारळीकरांच्या विज्ञानकथा, मधेच धारपांची भुतं. एवढं ऐकून झाल्यावर जे मनात साचलंय ते आज मोकळं करतो. काहींना पटणार नाही, चालेल.

आधी चांगलं सांगतो. आपल्याकडं उसाच्या ट्रॅक्टरवर जाणारा एक पोरगा ओळखीचा आहे, शिक्षण सातवी. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत कधी आठ तास, कधी अख्खी रात्र काढावी लागते. त्या वेळात त्यानं विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ पूर्ण ऐकलं. एवढं जाड पुस्तक त्यानं जन्मात हातात धरलं नसतं, हे तोच सांगतो. दत्ताजी शिंदे, इब्राहिमखान गारदी ही नावं तो आता गावातल्या माणसांसारखी घेतो. ‘ऐकलं म्हणजे वाचलं नव्हे’ असं नाक मुरडणारे आहेत, त्यांनी त्या पोराशी दहा मिनिटं बोलावं. पोवाडा, कीर्तन, भारूड... आपल्या भागात इतिहास पोथीतून कमी आणि कानातूनच जास्त आला.

आता दुसरी बाजू. तोच पोरगा मला एकदा सांगत होता, शंभूराजे अमक्या रात्री येसूबाईंना काय म्हणाले ते. शब्दन् शब्द. मी विचारलं, “हे लिहून कुणी ठेवलं?” तो म्हणाला, “सर, मी ऐकलंय ना!” त्याची चूक नाही. छापील पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ लिहिलेलं दिसतं, प्रस्तावना असते, मागं कधी वंशावळ, कधी संदर्भांची यादी. कानाला यातलं काही दिसत नाही. मी ऐकलेल्या बहुतेक पुस्तकांत ही मागची पानं वाचलेलीच नव्हती. राहतो तो एक भारदस्त आवाज, मागं घोड्यांच्या टापा आणि सनई. आवाज असा की जणू माणूस तंबूत उभा राहून बघतोय. त्यात लेखकानं मनानं रचलेला संवाद कोणता आणि पत्रात सापडलेलं वाक्य कोणतं, हे कुणाला कळणार?

आणि ते खलनायकाचे आवाज! मोगल, निजाम, अफगाण कुणीही असो, तोंड उघडलं की गुरगुर आणि मोडकं हिंदी. आपला माणूस बोलला की स्वच्छ पुणेरी. मराठवाड्याचं पात्र आलं तर निवेदक बळंच ‘व्हय जी, न्हाय जी’ करतो, जे आपल्याकडं बाजारात कुणी बोलत नाही. दीड पट वेगानं ऐकलं तर निदान हसू येतं.

हे नुसतं चवीचं भांडण असतं तर मी एवढी लांब पोस्ट लिहिली नसती. ‘छावा’ शिवाजी सावंतांची कादंबरी, १९७९ची. तिच्यावरचा सिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ला आला. गणोजी-कान्होजी शिर्क्यांचं चित्रण बघून त्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. मार्चमध्ये तिकडं बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं उकरत होते, मोगलांचं सोनं सापडेल म्हणून. कादंबरी, तिच्यावर सिनेमा, त्याच्यावर रील, रीलवरून व्हॉट्सॲपचं स्टेटस. शेवटच्या पायरीवर उभ्या माणसाच्या हाती कुदळ. आपल्या जिल्ह्यात सध्या आडनाव ऐकून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरवतात. अशा ठिकाणी ‘तुमच्या पूर्वजांनी काय केलं’ हा विषय किती ज्वलनशील आहे, हे मी बीडकरांना काय सांगू.

आता आपल्या घरचं उदाहरण. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. शनीच्या दर्शनाला आपण सगळेच गेलोय. १० ऑगस्ट १७६३ला तिथं काय झालं ते मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

पानिपत होऊन अडीच वर्षं झाली होती. पेशवे माधवराव अठरा वर्षांचे. आदल्याच वर्षी चुलत्यांनी, म्हणजे राघोबादादांनी, निजामाची मदत घेऊन पुतण्याला आळेगावला नमवलं होतं. ६३च्या उन्हाळ्यात निजाम अली पुण्यावर चालून गेला, शहर लुटलं, जाळलं. त्याच्याबरोबर कोण होतं? नागपूरचे जानोजी भोसले. निजामाचा दिवाण कोण? विठ्ठल सुंदर, मराठी देशस्थ ब्राह्मण. तिकडं मराठी फौजा निजामाचा मुलूख लुटत हैदराबादेपर्यंत गेल्या. पावसाळा लागला तसा निजाम औरंगाबादेकडं निघाला आणि राक्षसभुवनपाशी गोदावरी आडवी आली. तो स्वतः काही फौज घेऊन पलीकडं गेला. बाकी सैन्य विठ्ठल सुंदरासह अलीकडच्या काठावर राहिलं. नदी फुगली. जानोजीला पेशव्यांनी आतून आधीच फोडला होता, तो ऐनवेळी बाजूला झाला. मराठे तुटून पडले. राघोबादादा वेढ्यात सापडले तेव्हा त्यांना सोडवायला धावला तो ज्याला त्यांनी वर्षभरापूर्वी नमवलं होतं तोच पुतण्या. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावर निजाम होता, त्याला पुरातून येता आलं नाही. नंतरच्या तहात ८२ लाखांचा मुलूख त्यानं पेशव्यांना लिहून दिला.

मला सांगा, आमच्या ॲपवरच्या निवेदकानं विठ्ठल सुंदराला कुठला आवाज द्यायचा? गुरगुरायचं की स्वच्छ पुणेरी? जानोजीच्या एंट्रीला सनई वाजवायची का नाही? हीच गोष्ट पानिपतची. तिथं मराठ्यांच्या तोफा इब्राहिमखान गारद्याच्या हातात होत्या आणि तो त्यांच्यासाठी मेला. आपला खरा इतिहास आवाजांच्या या दोन खणांत बसतच नाही. म्हणून मग जे बसतं तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं.

नारळीकरांकडं मी या वैतागातून वळलो. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही गोष्ट मला आधी ऐकायला मिळाली ती भाचीकडून. तिच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ नावानं तीच आहे, परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मोठ्यानं वाचत होती. गंगाधरपंत गायतोंडे नावाचे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपत मराठे जिंकले असते तर काय झालं असतं याचा विचार करत असताना एका अपघातानं ते अशा जगात जाऊन पडतात जिथं मराठे खरोखर जिंकलेत. पंत मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या एशियाटिकच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं काढतात आणि नेमका फाटा कुठं फुटला ते शोधतात. सापडतं एवढंच, की विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून गेली. बस्स.

आता हे धडधडीत खोटं आहे. पण लेखक पहिल्यापासून सांगतो की हे खोटं आहे, आणि नायकाला पुरावा शोधायला लायब्ररीत पाठवतो. मी ऐकलेल्या एकाही ऐतिहासिक कादंबरीत कुणी लायब्ररीत गेलेलं मला आठवत नाही. ‘असं झालं असतं तर’ म्हणणाऱ्याला आधी ‘काय झालं’ हे चोख माहीत असावं लागतं, नाहीतर त्याची गोष्ट उभीच राहत नाही. ‘असंच झालं’ म्हणणाऱ्याला आवाज भारी असला की पुरतं.

नारळीकर देव नाहीत, हेही सांगतो. पात्रं कागदाची, संवाद वर्गातले. शेवटी एक शास्त्रज्ञ मित्र सगळं समजावून सांगतो, तो भाग ऐकताना पाडळसिंगीच्या टोलनाक्यावर मला डुलकी लागणार होती. विज्ञानकथा कानानं ऐकायची तर सूत्र चालू झालं की मन बाहेरच्या कपाशीत जातं, मागं घेऊन पुन्हा ऐकावं लागतं. धारपांचं तसं नाही, धारप रात्री गाडीत एकट्यानं ऐकू नयेत एवढंच. पण नारळीकरांनी १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली गोष्ट पाठवली ती नाव बदलून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. परीक्षकांवर आपल्या नावाचं वजन पडू नये म्हणून. २० मे २०२५ला ते गेले, त्या दिवशी मला पहिल्यांदा हेच आठवलं.

तर मग गाडीत मी हा खेळ राक्षसभुवनवर लावून बघतो. त्या दिवशी गोदावरीला पूर नसता तर? निजाम परत अलीकडं आला असता, विठ्ठल सुंदर वाचला असता, कदाचित राघोबादादा संपले असते. ते संपले असते तर पुढं नारायणरावाचा खून? इंग्रजांच्या दारात जाणं? आज वरच्या अंगाला जायकवाडी आहे, राक्षसभुवनच्या पाण्याचा हिशेब बराचसा धरणाच्या दारांवर असतो. तेव्हा तो वरुणराजावर होता.

खेळता खेळता खरा प्रश्न समोर आला. १७६३ला एवढा मार खाल्लेला निजाम १९४८पर्यंत बीडवर राज्य करतो कसा? उत्तर शोधलं तर ते लढाईत नाही. माधवराव १७७२ला, सत्तावीस वर्षांचे असताना गेले. राक्षसभुवनला हरलेलाच निजाम अली १७९५ला खर्ड्याला, म्हणजे आपल्या पाटोदा-आष्टीच्या शेजारी, पुन्हा हरला. आणि १७९८ला त्याच निजाम अलीनं इंग्रजांची तैनाती फौज घेतली. दोन्ही लढाया हरला, पण एका सहीवर त्याचं घराणं आणखी दीडशे वर्षं टिकलं. जिंकलेली पेशवाई मात्र १८१८ला बुडाली. यावर ऑडिओबुक कोण काढणार? सहीला टापांचा आवाज नसतो.

त्या दीडशे वर्षांचा शेवट आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी बघितला. देशाला स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ला. आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ला. रझाकारांनी जे केलं त्याच्या गोष्टी घरोघरी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं तेही खरं आहे. नेहरू सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सगळ्या संस्थानात मिळून २७ ते ४० हजार माणसं मेली असा अंदाज दिला. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान ५ हजार, असं त्या अहवालात आहे. अहवाल कैक वर्षं दाबून ठेवला होता. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या भाषणात पहिला भाग असतो, दुसरा नसतो. काही जण दुसराच सांगतात आणि पहिला गिळतात. दोन्ही आवाज मला एकाच सनईवरचे वाटतात.

ऐकीव इतिहास नीट कसा धरायचा हे आपल्या भाषेला सातशे वर्षांपूर्वी माहीत होतं. म्हाइंभटानं चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडं जाऊन, त्यांना विचारून. पुढं मूळ पोथी हरवली, आठवणीतून पुन्हा रचावी लागली, तेव्हा अमक्याच्या आठवणीत असं आहे आणि तमक्याच्या आठवणीत तसं, हे फरक ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवले. पुसून एकसारखं केलं नाही.

तोच धडा घेऊन मी या दिवाळीपासून फोनवर म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करतोय. साधा फोन, संगीत नाही. माझ्या चुलत आजीपासून सुरुवात केली. ४८ साली ती दहा-अकरा वर्षांची होती. दोन दिवस बाजरीत लपून काढले, ते तिनं सांगितलं. गावात रझाकार आले होते का विचारलं तर म्हणाली, “ते म्या नाही पाह्यलं बाबा, ऐकलेलं हाय.” हे वाक्य मला अख्ख्या ॲपवर कुठं मिळालं नव्हतं. मग शेजारच्या मुसलमान घराबद्दल विचारलं, तिच्या मैत्रिणीच्या. ती गप्प झाली. म्हणाली, “हे म्या पाह्यलं. तो फोन बंद कर आधी.”

बंद केला. तिनं जे सांगितलं ते इथं लिहीत नाही, तिच्या परवानगीशिवाय लिहिणारही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा विचारणार आहे.

आतापर्यंत सात जणांचं मिळून चार-साडेचार तासांचं रेकॉर्डिंग झालंय, सगळं गेवराई आणि बीड तालुक्यातलं. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूरकडचं एकही नाही. तिकडं कुणाच्या घरी पंच्याऐंशीच्या पुढचं, बोलणारं माणूस असेल तर कमेंटमध्ये नाव-पत्ता टाकू नका, मला मेसेज करा. मी स्वतः येतो, पेट्रोल माझं.