गावी नसलेल्या बाईचं मत



दिवाळी सरली की गावात ट्रक येतो. मुकादमाची उचल आधीच घरात खर्च झालेली असते. कोयत्याला नवरा-बायको दोघं लागतात, म्हणून चूल, भांडी, लेकरं बांधून बाया उसाच्या फडावर निघतात. 2024 साली विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं आणि सरकारनं उसाचा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून ठरवला होता. मधे पाच दिवस. गेलेल्या बायांच्या मताचं काय झालं, हा विषय आमच्या बचत गटात निघाला, आणि मग आम्ही थोडं मागं जाऊन बघितलं.

पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 ची. तेव्हा आपलं इस्लापूर महाराष्ट्रात नव्हतंच. हैदराबाद राज्य, आदिलाबाद जिल्हा, बोथ तालुका. इस्लापूर सर्कल इकडं आलं ते 1 नोव्हेंबर 1956 ला. त्या पहिल्या मतदानात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, पेटीवर चिन्ह. चिठ्ठी आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची.

त्याच वेळी देशातल्या सुमारे 28 लाख बायांची नावं यादीतून गळली. कारण काय, तर त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. असं नाव यादीत चालणार नाही, यावर ते ठाम राहिले. बहुतेक बाया बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. पण रेशन कार्डावर आजही आपलं नाव कसं लागतं ते बघा, म्हणजे फार हसू येणार नाही.

टपालानं मत देण्याची सोय जुनीच आहे. सीमेवरचा जवान, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी यांच्यासाठी ती होती. जवानासोबत राहणाऱ्या बायकोलाही ती मिळे. सैन्यातल्या बाईच्या नवऱ्याला मात्र नाही, कारण कायद्यात ‘पत्नी’ असंच लिहिलेलं होतं. तो शब्द 2021 साली बदलला. म्हणजे कामासाठी गाव सोडणारा म्हटला की पुरुषच डोळ्यासमोर येई.

2019 साली 80 वर्षांवरच्या आणि अपंग मतदारांना घरून मत देता येईल असा नियम झाला. 2024 पासून वयाची अट 85 ची आहे, आणि अपंगत्व 40 टक्के लागतं. 12-डी नावाचा अर्ज वेळेत भरावा लागतो, मग कर्मचारी घरी येतात, मत लिफाफ्यात बंद होतं. एकदा हे घेतलं की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे म्हातारीला आधीच सांगा. हा नियम लोकसभा-विधानसभेचा आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुका 1994 साली स्थापन झालेला राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याचा कारभार वेगळा.

म्हणजे घरी राहिलेल्या सासूची सोय झाली. फडावरच्या सुनेची नाही. निवडणूक आयोगानं 2022 च्या डिसेंबरात एक यंत्र जाहीर केलं. परगावी बसून आपल्या मतदारसंघाचं मत देता येईल, एका यंत्रात 72 मतदारसंघ. जानेवारी 2023 मध्ये पक्षांना बोलावलं, तर बऱ्याच विरोधी पक्षांनी शंका काढल्या. शंका काढाव्यात, यंत्र तपासूनच घ्यावं. पण तिथंच ते अडून राहिलं, आणि ट्रक दरवर्षी जातोच आहे.

एक गोष्ट मात्र कायद्यात पक्की आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस तात्पुरता बाहेर गेला, एवढ्यानं तो गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. सहा महिने घराला कुलूप दिसलं म्हणून ऊसतोडीला गेलेल्या बाईचं नाव काढता येत नाही. यादी तपासायला बीएलओ येतात तेव्हा ती घरी नसते, म्हणून तिच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं.

आमच्या गटाच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी आता एक नवा रकाना आखलाय: कोण फडावर गेली, यादीत तिचा अनुक्रमांक काय, आणि ती परत कधी येणार.