अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकी : कॉन्फरन्सची फेरमांडणी आणि चाहत्यांमधील वाद

प्रस्तावना :

'हॉकी' म्हटले की भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर हिरवळीवरील खेळ आणि मेजर ध्यानचंद उभे राहतात. अमेरिकेच्या व कॅनडाच्या थंड प्रदेशात मात्र याच शब्दाने बर्फाच्या मैदानावर, पायांत स्केट बांधून खेळला जाणारा खेळ ओळखला जातो. मिनेसोटा, मिशिगन, नॉर्थ डकोटा, मॅसॅच्युसेट्स यांसारख्या राज्यांत विद्यापीठाचा हॉकी संघ हे गावाच्या अस्मितेचे प्रतीक मानले जाते. २०११ ते २०१३ या अल्प काळात या खेळाच्या पश्चिमेकडील व्यवस्थेची जी उलथापालथ झाली, तिच्यावरून चाहत्यांमध्ये तीव्र वाद उद्भवला. हा वाद वरवर पाहता सामन्यांच्या वेळापत्रकाचा होता. वस्तुतः विद्यापीठाचा संघ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. प्रस्तुत लेखात या वादाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

प्रथम 'कॉन्फरन्स' ही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्याकडे आंतरविद्यापीठीय स्पर्धांमध्ये पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे विभाग असतात व ते भूगोलाने ठरतात; एखादे विद्यापीठ आपल्या मर्जीने विभाग बदलू शकत नाही. अमेरिकेत तसे नाही. तेथील विद्यापीठे स्वेच्छेने एकत्र येऊन संघटना स्थापन करतात, तिलाच कॉन्फरन्स म्हणतात. हंगामातील बहुतेक सामने कॉन्फरन्समधील सदस्यांशीच होतात, तिचे स्वतंत्र अजिंक्यपद असते आणि तिच्या विजेत्याला एन.सी.ए.ए. या शिखर संस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. ही संघटना करारावर उभी असल्याने सदस्य ती सोडूही शकतो. साऱ्या वादाचे बीज या एका तरतुदीत आहे.

पूर्वेतिहास :

पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९४८ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे झाली. तीत चारच संघ होते आणि मिशिगन विद्यापीठाने डार्टमथचा पराभव करून अजिंक्यपद मिळविले. पुढे १९५१ साली पश्चिमेकडील सात संस्थांनी एक लीग उभारली. मिनेसोटा, मिशिगन, मिशिगन स्टेट, मिशिगन टेक, नॉर्थ डकोटा, डेन्व्हर व कोलोरॅडो कॉलेज या त्या संस्था होत. सात वर्षांतच, १९५८ मध्ये, ती फुटली. डेन्व्हरसारख्या संस्था वयाने मोठ्या, अनुभवी कॅनेडियन खेळाडूंना प्रवेश देतात, ही मिनेसोटाचे प्रशिक्षक जॉन मारियुची यांची तक्रार होती. मिनेसोटा व मिशिगनमधील तीन संस्था बाहेर पडल्या. १९५९ साली त्याच सात संस्था 'डब्ल्यू.सी.एच.ए.' या नव्या नावाने पुन्हा एकत्र आल्या खऱ्या. परंतु कोणी कोणाशी खेळावे याचे स्वातंत्र्य राखूनच. मिनेसोटा आणि डेन्व्हर एका कॉन्फरन्समध्ये असूनही कित्येक वर्षे हंगामात एकमेकांसमोर आले नाहीत.

१९७१ साली 'सी.सी.एच.ए.' ही दुसरी संघटना स्थापन झाली. १९८१ मध्ये मिशिगन, मिशिगन स्टेट, मिशिगन टेक व नोत्र दाम यांनी डब्ल्यू.सी.एच.ए. सोडून तिच्यात प्रवेश केला. (मिशिगन टेक तीनच वर्षांनी परत आली.) पूर्वेकडेही असेच घडले. आयव्ही लीगमधील विद्यापीठे वेगळी चूल मांडण्याच्या विचारात आहेत असे दिसताच बॉस्टन परिसरातील व भोवतालच्या संस्थांनी आधीच पाऊल उचलले आणि १९८४-८५ च्या हंगामापासून 'हॉकी ईस्ट' सुरू झाली. २०११ च्या घटनांना अनेक चाहत्यांनी 'परंपरेचा अंत' असे संबोधले; त्या संदर्भात हा पूर्वेतिहास ध्यानात ठेवला पाहिजे. जी परंपरा मोडली म्हणून शोक झाला, ती स्वतःच दोन-तीन फाटाफुटींतून घडलेली होती.

तथापि एक फरक नाकारता येत नाही. १९५८ चा वाद खेळाडूंच्या पात्रतेविषयी, म्हणजे खेळाविषयीच होता. २०११ मधील निर्णयामागील कारणे मात्र बव्हंशी खेळाबाहेरची होती.

एक देणगी आणि सहा सदस्यांचा नियम :

सप्टेंबर २०१० मध्ये टेरी पेगुला या नैसर्गिक वायूच्या व्यवसायातून धनाढ्य झालेल्या उद्योजकाने पेन स्टेट विद्यापीठाला ८ कोटी ८० लक्ष डॉलरची देणगी जाहीर केली. हेतू हॉकीचे स्वतंत्र मैदान उभारण्याचा व तेथील हौशी संघाला सर्वोच्च श्रेणीत नेण्याचा होता. पेन स्टेट ही 'बिग टेन' या बलाढ्य कॉन्फरन्सची सदस्य होय. फुटबॉल व बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध असलेल्या या संघटनेत हॉकी खेळणारे पाचच सदस्य होते : मिशिगन, मिशिगन स्टेट व ओहायो स्टेट हे सी.सी.एच.ए. मध्ये, तर मिनेसोटा व विस्कॉन्सिन हे डब्ल्यू.सी.एच.ए. मध्ये खेळत. सहा सदस्य एखादा खेळ खेळू लागले की त्या खेळाचे अजिंक्यपद बिग टेनच्या छत्राखाली भरविता येते. पेन स्टेटने हा सहावा आकडा पुरविला. मार्च २०११ मध्ये घोषणा झाली. २०१३-१४ पासून बिग टेनची हॉकी स्पर्धा सुरू होणार होती. २००७ साली सुरू झालेल्या बिग टेनच्या दूरचित्रवाणी वाहिनीला हिवाळ्यात दाखविण्यास सामने हवे होते, हे कारणही उघड होते.

यानंतरच्या सहा-सात महिन्यांत जे घडले ते बुद्धिबळाच्या पटासारखे होते. जुलै २०११ मध्ये नॉर्थ डकोटा, डेन्व्हर, कोलोरॅडो कॉलेज, मिनेसोटा-डुलूथ, नेब्रास्का-ओमाहा आणि ओहायो राज्यातील मायामी यांनी 'एन.सी.एच.सी.' ही नवी कॉन्फरन्स जाहीर केली. सप्टेंबरमध्ये सेंट क्लाउड स्टेट व वेस्टर्न मिशिगन तिला येऊन मिळाल्या. ऑक्टोबरमध्ये नोत्र दामने हॉकी ईस्टची वाट धरली. बारा सदस्यांच्या डब्ल्यू.सी.एच.ए. मधून आठ गेले, चार उरले. अकरा सदस्यांच्या सी.सी.एच.ए. मधून सहा गेले. उरलेल्या पाचांनी डब्ल्यू.सी.एच.ए. चा आश्रय घेतला आणि २०१३ साली सी.सी.एच.ए. विसर्जित झाली. दक्षिणेकडील अलाबामा-हंट्सव्हिल हा निराधार संघ दहावा म्हणून सामील करून घेण्यात आला.

चाहत्यांचे युक्तिवाद :

या काळात चाहत्यांमध्ये झालेल्या वादात स्थूलमानाने तीन भूमिका दिसतात. पण एकच चाहता ऋतूनुसार भूमिका बदलतानाही आढळतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

पहिली भूमिका स्पर्धावैराच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चुरशीच्या रक्षणाची. मिनेसोटा विरुद्ध नॉर्थ डकोटा हा सामना म्हणजे त्या प्रदेशातला उत्सवच होता. फेरमांडणीनंतर दोन्ही संघ वेगळ्या कॉन्फरन्समध्ये गेले आणि २०१६-१७ पर्यंत हंगामी सामन्यांत त्यांची गाठच पडली नाही. दैवयोग असा की, २०१४ च्या राष्ट्रीय उपांत्य फेरीत फिलाडेल्फिया येथे ते समोरासमोर आले आणि सामना संपण्यास अवघे ०.६ सेकंद उरले असताना जस्टिन होल याने केलेल्या गोलमुळे मिनेसोटाने २-१ असा विजय मिळविला. असे सामने दरवर्षी घरच्या मैदानावर पाहण्याचा हक्क कोणी हिरावून घेतला, हा चाहत्यांचा प्रश्न भावनिक असला तरी निराधार नव्हता.

दुसरी भूमिका बलाढ्य संस्थांच्या समर्थकांची. त्यांच्या मते खर्चिक खेळ टिकवायचा तर दूरचित्रवाणी व प्रायोजक हवेत आणि मोठ्या विद्यापीठांची नावेच ते आणू शकतात. बिग टेनचा आश्रय मिळाल्यास आणखी विद्यापीठे हॉकीकडे वळतील, अशी आशाही व्यक्त केली गेली. या आशेचा हिशेब आज मांडता येतो. २०१३ नंतर बिग टेनच्या जुन्या सदस्यांपैकी एकानेही नवा पुरुष हॉकी संघ सर्वोच्च श्रेणीत आणला नाही. सातवा संघ हवा होता तेव्हा २०१७ मध्ये नोत्र दामला केवळ हॉकीपुरते सदस्यत्व द्यावे लागले. सेंट पॉल व डेट्रॉइट येथील मोठ्या सभागृहांत भरणाऱ्या बिग टेनच्या अंतिम स्पर्धेला रिकाम्या खुर्च्यांनी ग्रासले आणि २०१८ पासून ती विद्यापीठांच्या आवारातील मैदानांवर हलवावी लागली. मैदानावरही, २०२५ पर्यंत बिग टेनच्या झेंड्याखाली एकाही संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले नव्हते. याउलट एन.सी.एच.सी. च्या संघांनी २०१६ ते २०२५ या काळात सात अजिंक्यपदे मिळविली. त्यातील २०२५ चे वेस्टर्न मिशिगनचे पहिलेच.

तिसरी भूमिका मागे राहिलेल्यांची, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तीच सर्वाधिक महत्त्वाची होय. हॉकीत दुसऱ्या श्रेणीची राष्ट्रीय स्पर्धा नसल्यामुळे इतर सर्व खेळांत दुसऱ्या श्रेणीत असणाऱ्या लहान संस्था या एकाच खेळात मिशिगन वा विस्कॉन्सिनच्या बरोबरीने खेळतात. लेक सुपीरियर स्टेट हे सू सेंट मेरी या सीमेवरील गावातले विद्यापीठ. त्याने १९८८, १९९२ व १९९४ अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. तांब्याच्या खाणींच्या प्रदेशातील हॉटन गावच्या मिशिगन टेकचीही तीन, नॉर्दर्न मिशिगनचे १९९१ चे एक. फेरिस स्टेट तर सी.सी.एच.ए. चे विसर्जन ठरल्यानंतर, २०१२ मध्ये, राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. अशा गावांत मिनेसोटा किंवा मिशिगनचा संघ वर्षातून एकदा येणे म्हणजे खानावळी, निवासगृहे व तिकीटविक्री यांचा हंगामच असे. कॉन्फरन्स संपल्यावर ती भेट यजमानाच्या मर्जीवर अवलंबून राहिली, आणि मोठे संघ लहान गावात जाण्याऐवजी लहानांनाच आपल्याकडे बोलावणे पसंत करतात.

दोष कोणाचा, याविषयी :

बहुसंख्य चाहत्यांनी सारा दोष बिग टेनवर टाकला. हे मत अर्धेच खरे आहे. बिग टेनने डब्ल्यू.सी.एच.ए. मधून दोन आणि सी.सी.एच.ए. मधून तीन संघ नेले. उरलेले संघ एकत्र राहिले असते, तर पश्चिमेकडे दोन सक्षम कॉन्फरन्स टिकणे अशक्य नव्हते. खरा घाव एन.सी.एच.सी. च्या स्थापनेने बसला. आणि ती स्थापन करणाऱ्यांत 'परंपरा मोडली' म्हणून मिनेसोटाला दूषणे देणाऱ्या चाहत्यांचेच संघ होते. आपल्या विद्यापीठाचा निर्णय म्हणजे अस्तित्वाची लढाई आणि दुसऱ्याचा निर्णय म्हणजे लोभ, अशी ही सोयीस्कर वाटणी होती.

२०१९ साली या वाटणीची पुढची पायरी दिसली. जून महिन्यात डब्ल्यू.सी.एच.ए. मधील दहापैकी सात संस्थांनी बाहेर पडण्याचा मनोदय जाहीर केला आणि २०२१-२२ पासून सी.सी.एच.ए. हे नाव पुनरुज्जीवित केले. कोणाला वगळले? अलास्का-फेअरबँक्स, अलास्का-अँकोरेज आणि अलाबामा-हंट्सव्हिल या भौगोलिक टोकांवरील तीन संस्थांना. प्रवासखर्चाचे कारण खरे होते. अँकोरेजला विमानाने संघ नेणे लहान विद्यापीठाला जड जाते. पण आठ वर्षांपूर्वी ज्यांना टाकून मोठे निघून गेले होते, त्यांनीच आता आपल्याहून दुबळ्यांना टाकले, हेही तितकेच खरे. या वेळी चाहत्यांमधील गदारोळ त्या मानाने क्षीण होता. तीन संघांच्या पाठीराख्यांची संख्याच कमी असल्याने त्यांचा आवाज पोहोचला नाही, असे म्हणावे लागते.

त्यांनी केवळ आवाजावर विसंबूनही भागले नसते. मे २०२० मध्ये हंट्सव्हिलचा संघ बंद करण्याचे जाहीर होताच माजी विद्यार्थी व चाहत्यांनी आठवडाभरात निधी उभारून तो वाचविला. परंतु नवी कॉन्फरन्स न मिळाल्याने मे २०२१ मध्ये तो स्थगित झालाच. अँकोरेजमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये विद्यापीठाने अट घातली की, सुमारे ३० लक्ष डॉलर जमा झाल्यास संघ चालू राहील. चाहत्यांनी वर्षभरात ती रक्कम जमविली आणि २०२२-२३ मध्ये संघ पुन्हा बर्फावर उतरला, पण कोणत्याही कॉन्फरन्सविना. दोन्ही अलास्का संघ स्वतंत्र म्हणून खेळत राहिले. मिनेसोटाच्या चाहत्याने गमावली ती चुरस होती. हंट्सव्हिलच्या चाहत्याने गमावला तो संघच. वादाच्या गलबल्यात हे दोन तोटे एकाच मापाने मोजले गेले, ही त्या चर्चेची सर्वांत मोठी उणीव होय.

१९१३ साली मिशिगनमधील कॅल्युमेट येथील जेम्स मॅकनॉटन यांनी दिलेला चषक दीर्घ काळ डब्ल्यू.सी.एच.ए. च्या विजेत्याला मिळत असे. त्याची मालकी मिशिगन टेककडे असल्यामुळे टेकबरोबर तोही नव्या सी.सी.एच.ए. मध्ये गेला. पुरुषांची डब्ल्यू.सी.एच.ए. २०२१ मध्ये संपली. महिलांची त्याच नावाने सुरू राहिली. दरम्यान, सी.सी.एच.ए. मध्ये २०२१ साली आलेल्या सेंट थॉमस विद्यापीठाने २०२६-२७ पासून एन.सी.एच.सी. मध्ये जाण्याचे जाहीर केले आणि हॉटन, मार्केट, सू सेंट मेरी येथील चाहत्यांपुढे पुढील हंगामांत आपल्याकडे कोण खेळायला येणार, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.